हवा तोच घटक लायब्ररीत नसतो

इलेक्ट्रॉनिक सर्किट संगणकावर रचण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत घटकांची एक भलीमोठी लायब्ररी आयती मिळते, आणि तरीही नवशिक्याने बाजारातून आणून टेबलावर मांडलेला घटक नेमका त्या लायब्ररीत नसतो, हा या क्षेत्रातील पहिला आणि अद्याप कोणी खोडून न काढलेला नियम होय. त्या लायब्ररीत शेकडो प्रकारचे कनेक्टर असतात, ज्यांचे उत्पादन थांबून जमाना लोटला अशा चिप असतात, आणि ज्यांचा उपयोग सांगणारा माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही असे घटकही असतात. नसतो तो फक्त मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेला, छोट्याशा निळ्या पट्टीवर बसवलेला तो सेन्सर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडलेला असतो. शोधपेटीत त्याचे नाव आधी पूर्ण, मग अर्धे, मग मधली रेघ गाळून, आणि शेवटी स्पेलिंग चुकत असेल अशा नम्र भावनेने चार निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिल्यावर नवशिका ज्या निष्कर्षाप्रत येतो, त्यातून स्वनिर्मित घटकांच्या शास्त्राचा उगम होतो.

या टप्प्यावर त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे लायब्ररीतला दिसायला साधारण तसाच एखादा घटक उचलून, ‘पिना तर तेवढ्याच आहेत’ असे मनाचे समाधान करून घेणे. दुसरा मार्ग म्हणजे कोणा अनोळखी सज्जनाने घडवलेला घटक इंटरनेटवरून उतरवून घेणे. त्या घटकाच्या अचूकतेची एकमेव हमी ही असते की त्याचे चित्र सुबक असते. तिसरा मार्ग म्हणजे घटक स्वतः घडवणे, आणि प्रस्तुत लेख याच मार्गाविषयी आहे, कारण पहिल्या दोन मार्गांनी गेलेला प्रवासीही अखेर इथेच येऊन पोहोचतो, फक्त थोडा उशिरा आणि थोडा अधिक खर्च करून.

तथापि घटक घडवायचा म्हणजे नेमके काय घडवायचे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. सॉफ्टवेअरच्या लेखी घटक ही वस्तू नसतेच. एकाच वस्तूविषयी केलेली दोन स्वतंत्र विधाने म्हणजे घटक. पहिले विधान म्हणजे चिन्ह, अर्थात सर्किटच्या आराखड्यात काढली जाणारी, पिना बाहेर आलेली चौकट किंवा आकृती, जी विजेच्या दृष्टीने कोणती पिन काय काम करते एवढेच सांगते. दुसरे विधान म्हणजे फूटप्रिंट, अर्थात घटक पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या छापील तारांच्या सर्किट-पट्टीवर, जिथे टेकणार आणि सोल्डर होणार तेथील तांब्याच्या पॅडचा, भोकांचा आणि छापील रेषांचा नकाशा, ज्याला विजेशी काही देणेघेणे नसून फक्त मापांशी असते. या दोहोंमधला दुवा अगदीच नाजूक असतो: चिन्हातली ३ क्रमांकाची पिन फूटप्रिंटमधल्या ३ क्रमांकाच्या पॅडला मिळते, मग पिनेचे नाव काहीही असो, पॅड कुठेही असो, आणि प्रत्यक्ष घटकाचे त्या बाबतीत काहीही मत असो. १९८८ साली जर्मनीत अवतरलेल्या ईगल या सॉफ्टवेअरने या दुव्यालाच ‘डिव्हाइस’ असे वेगळे स्थान दिले होते, त्यामुळे चिन्ह बरोबर, फूटप्रिंटही बरोबर, पण त्यांची सांगड चुकलेली, असा चुकीचा एक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित प्रकार तिथे उपलब्ध होता.

नवशिक्यांवर विशेष माया करणारे सॉफ्टवेअर म्हणजे फ्रिट्झिंग. जर्मनीतील पोट्सडाम येथील फाखहोखशूलमध्ये, म्हणजे उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात, २००७च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचा हेतू उदात्त होता: इंजिनिअर नसलेल्या कलावंतांना, डिझायनरांना आणि विद्यार्थ्यांना ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचून सर्किट जोडण्याच्या भोकाभोकांच्या पट्टीवर, जमलेले सर्किट जसेच्या तसे संगणकावर उतरवता यावे आणि तिथून पुढे पीसीबीपर्यंत जाता यावे. त्यासाठी फ्रिट्झिंगने प्रत्येक घटकाला ब्रेडबोर्ड, आराखडा आणि पीसीबी अशी तीन दृश्ये दिली. वापरणाऱ्याची यात मोठीच सोय झाली. घडवणाऱ्याला मात्र इतरत्र दोन विधाने करावी लागतात तिथे इथे तीन करावी लागतात, आणि वर एक छोटे बोधचित्रही काढावे लागते. नवशिक्यासाठी सोपे केलेले साधन नवशिक्याला जरा आत शिरताच अधिक कामाला लावते, ही या शास्त्रातील दुसरी नोंद करण्याजोगी बाब होय.

चिन्ह आणि वस्तू यांतला फरक ध्यानात येण्यासाठी ५५५ या टायमर चिपचे उदाहरण घेता येईल. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेली आणि १९७२ साली बाजारात आलेली ही आठ पायांची चिप जवळपास प्रत्येक लायब्ररीत असल्यामुळे तिचा घटक घडवण्याची गरज कोणालाही नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण सरावासाठी तीच घडवतात. प्रत्यक्ष चिपवर १ क्रमांकाची पिन, म्हणजे ग्राउंड, आणि ८ क्रमांकाची पिन, म्हणजे वीजपुरवठा, खाचेच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात. चांगल्या चिन्हात मात्र वीजपुरवठा वर, ग्राउंड खाली, येणारे सिग्नल डावीकडे आणि जाणारे उजवीकडे अशी मांडणी अपेक्षित असते, कारण आराखडा माणसाने वाचायचा असतो. नवशिक्याला हे अप्रामाणिकपणाचे वाटते. चिप जशी दिसते तशीच काढायची या बाणेदारपणाने तो चिन्हातही पिना १ ते ८ अशा गोल फिरवून बसवतो, आणि मग त्याच्या आराखड्यातल्या तारा एकमेकींना इतक्या वेळा ओलांडतात की आठवड्याने तो स्वतःच तो आराखडा वाचू शकत नाही. त्याची निष्ठा मात्र वादातीत राहते.

चिन्ह काढून झाल्यावर प्रत्येक पिनेचा विद्युत-प्रकार ठरवण्याची वेळ येते. ज्यँ-पिएर शारा यांनी १९९२ साली सुरू केलेल्या, २०१३पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचाही हातभार लागलेल्या कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या प्रकारांची डझनभराची यादी समोर येते: सिग्नल घेणारी, देणारी, दोन्ही करणारी, वीज घेणारी, वीज देणारी, निष्क्रिय, कशालाच न जोडायची, इत्यादी. ही माहिती आराखड्याच्या विद्युत-नियम तपासणीसाठी लागते. दोन ‘देणाऱ्या’ पिना एकमेकींना जोडल्या तर ती तपासणी हरकत घेते. नवशिका पहिल्या दोन पिनांचे प्रकार अभ्यासपूर्वक निवडतो, तिसरीवर थबकतो, आणि चौथीपासून सरसकट सर्वांना ‘निष्क्रिय’ ठरवून मोकळा होतो, कारण निष्क्रिय पिनेविरुद्ध तपासणीची सहसा तक्रार नसते. याउलट जो सर्व प्रकार प्रामाणिकपणे भरतो, त्याला पहिल्याच तपासणीत असे सुनावले जाते की वीज घेणाऱ्या पिनेला वीज देणारे कोणीही नाही. बॅटरीचा कनेक्टर तर समोर जोडलेला दिसत असतो. पण कनेक्टरच्या पिना लायब्ररीत निष्क्रिय म्हणून नोंदलेल्या असल्यामुळे बॅटरी वीज देते हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून कीकॅडमध्ये ‘पॉवर फ्लॅग’ नावाचे एक चिन्ह त्या तारेवर टांगतात, ज्याला फूटप्रिंट नसते, ज्यातून वीज वाहत नाही, जे कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि ज्याचे काम ‘इथे वीज येते’ एवढी ग्वाही देणे हेच असते. अस्तित्वात असलेला सेन्सर लायब्ररीत नाही आणि अस्तित्वातच नसलेला हा घटक मात्र आहे, या गोष्टीवर नवशिक्याने फार विचार करू नये, असा जाणत्यांचा सल्ला असतो.

चिन्हाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे तो जाळीचा. आराखडा काढण्याचा कागद अदृश्य चौकटींच्या जाळीवर आखलेला असतो. कीकॅडच्या संकेतानुसार चिन्हाच्या पिनांची टोके १०० मिलच्या जाळीवर असावीत, आणि मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नवशिका चिन्ह जरा देखणे व्हावे म्हणून जाळी बारीक करतो आणि एखादी पिन किंचित सरकवतो. पुढे आराखड्यात त्या पिनेपर्यंत आणलेली तार डोळ्यांना पिनेला लागलेली दिसते आणि सॉफ्टवेअरला लागलेली दिसत नाही. या दोन मतांपैकी पीसीबी कोणाच्या मतानुसार तयार होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

फूटप्रिंटचा विषय निघाला की वादाचे क्षेत्र भूमितीकडून इतिहासाकडे सरकते. भारताने १९५६च्या वजनमापे कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी नाणीही दशमान केली. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांना इंच माहीत असतो तो टीव्हीच्या पडद्यापुरता आणि पँटच्या कंबरेपुरता. तथापि चिपच्या दोन पिनांमधले प्रचलित अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर, असे ठरून गेलेले आहे, ब्रेडबोर्डची भोके त्याच अंतरावर आहेत, आणि आठ पायांच्या साध्या चिपच्या दोन रांगांमधले अंतर ७.६२ मिलिमीटर, म्हणजे ३०० मिल आहे. १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या प्रमुख देशांनी इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असा करार केल्यामुळे निदान हे रूपांतर तरी बिनचूक होते. माणसाकडून मात्र ते २.५ असे होते, कारण ०.०४ मिलिमीटरने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक असते. दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये काहीच बिघडत नाही, आणि त्यामुळे तो विश्वास दृढ होतो. वीस पिनांच्या रांगेत मात्र तेच ०.०४ एकोणीस वेळा साठत जाऊन पाऊण मिलिमीटर होते, आणि कनेक्टर भोकांत शिरण्यास ठाम नकार देतो. उलट दिशेचा अपघातही तितकाच प्रसिद्ध आहे: सॉफ्टवेअर मिलमध्ये चालू आहे हे न पाहता नवशिका मिलिमीटर समजून ५ असा आकडा टाकतो आणि मग पॅड कुठे गेले म्हणून पडदा मोठा करत बसतो.

या दोन पद्धतींच्या सहवासातून निर्माण झालेला सर्वांत कौतुकास्पद गोंधळ पृष्ठभागावर चिकटवायच्या छोट्या रेझिस्टर-कपॅसिटरांच्या नावांत आढळतो. त्यांना लांबी-रुंदीवरून चार आकडी सांकेतिक क्रमांक दिले जातात. परंतु हे क्रमांक इंचातही असतात आणि मिलिमीटरमध्येही, आणि काही क्रमांक दोन्ही याद्यांत येतात. इंचाच्या यादीतला ०६०३ हा १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे चिमट्याने आणि संयमाने हाताळता येण्याजोगा घटक असतो, तर मिलिमीटरच्या यादीतला ०६०३ हा ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे श्वास जोरात सोडल्यास कायमचा अंतर्धान पावणारा घटक असतो. इंचाच्या यादीतला ०४०२ हा १ बाय अर्ध्या मिलिमीटरचा. मिलिमीटरच्या यादीतल्या ०४०२विषयी एवढेच सांगता येते की तो हाताने सोल्डर करण्याचा विचार मनात आणणाऱ्याला घरच्यांनी परावृत्त करावे. नवशिक्याने डेटाशीटमधून, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मापांच्या व गुणधर्मांच्या अधिकृत पत्रकातून, क्रमांक उचलताना तो कोणत्या यादीतला आहे हे पाहिले नाही, तर त्याचा पॅड आणि त्याचा घटक यांची भेट भिंगाखालीही घडत नाही.

भोकांचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे, आणि म्हणूनच त्यात चुका अधिक होतात. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या पिनांच्या पट्टीतली पिन गोल नसते, चौकोनी असते. तिची बाजू ०.६४ मिलिमीटर भरते. डेटाशीटवर ०.६४ वाचून नवशिका थोडी मोकळीक ठेवावी अशा शहाणपणाने ०.८ मिलिमीटरचे भोक देतो. परंतु चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो, हे शाळेत पायथागोरसाच्या नावाने शिकवलेले आणि परीक्षेनंतर टाकून दिलेले ज्ञान इथे अचानक कामाला येते: तो कर्ण सुमारे ०.९ मिलिमीटर भरतो, आणि पिन आत जात नाही. म्हणूनच तयार लायब्रऱ्यांत या पट्टीसाठी १ मिलिमीटरचे भोक दिलेले आढळते, ज्याला नवशिक्याने आधी ढिसाळपणा म्हटलेले असते.

पॅड किती मोठे असावे, घटकाभोवती किती जागा मोकळी सोडावी, यांसाठी आयपीसी या १९५७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या उद्योगसंघटनेची मानके आहेत. त्यांपैकी २००५ साली आलेले आयपीसी-७३५१ हे मानक एकाच घटकासाठी ऐसपैस, मध्यम आणि काटकसरीचे अशी तीन प्रकारची फूटप्रिंट सुचवते. अनुभवी माणूस मोबाइलसारख्या दाटीच्या कामासाठी काटकसरीचे आणि हाताने सोल्डर करायच्या कामासाठी ऐसपैस निवडतो. नवशिका, ज्याचे सोल्डरिंग अद्याप थरथरते आहे, तो नेमके काटकसरीचे निवडतो, कारण त्याने पीसीबी लहान आणि व्यावसायिक दिसते.

यानंतर येतो तो या शास्त्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दयी प्रश्न: डेटाशीटमधले चित्र वरून पाहिलेले आहे की खालून? चिपच्या पिना वरून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, आणि साहजिकच खालून पाहताना त्या घड्याळाच्या दिशेने जातात. चित्राखाली बारीक अक्षरांत ‘खालून’ असे लिहिलेले असते, आणि ते लिहिलेले असल्याचा शोध पीसीबी हाती आल्यावर लागतो. आठ पायांची चिप अशा वेळी पाय वाकडे करून, पाठीवर उताणी पाडून बसवता येते. ती चालतेही, पण पाहणाऱ्याला तिची दया येते. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तर चित्र बरोबर वाचूनही सुटका नसते. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरल्यास बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर पीएन२२२२एचे एमिटर, बेस, कलेक्टर असे. एवढे पाठ करून नवशिका निश्चिंत होतो न होतो तोच त्याच्या हाती पी२एन२२२२ए नावाचा ट्रान्झिस्टर पडतो, ज्याच्या नावात फक्त एक ‘२’ जास्त असतो आणि ज्याचे पाय पुन्हा उलट क्रमाने असतात. दुकानदार मात्र दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो आणि ‘सेमच आहे’ असे सांगतो. तोंडवळ्यापुरते ते खरेही असते.

चिपला निदान डेटाशीट तरी असते. नवशिका ज्यांवर जीव टाकतो त्या तयार मॉड्यूलना, म्हणजे एखादी चिप आणि तिचा लवाजमा आधीच बसवून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांना, बहुधा तेही नसते. त्यांची अधिकृत कागदपत्रे म्हणजे विक्रेत्याच्या पानावरचा तिरका फोटो. ०.९६ इंची ओलेड पडद्याचे मॉड्यूल हे याचे सुपरिचित उदाहरण आहे: दिसायला सारख्याच असणाऱ्या या चार पिनांच्या मॉड्यूलपैकी काहींवर पिनांचा क्रम ग्राउंड, वीजपुरवठा, घड्याळ-सिग्नल, माहिती असा असतो, आणि काहींवर पहिल्या दोन पिनांची अदलाबदल झालेली असते. पहिल्या प्रकारावरून काळजीपूर्वक घडवलेल्या घटकावर दुसऱ्या प्रकारचा पडदा बसवला की वीज उलटी जाते, आणि पडद्याला अखेरची झळाळी दाखवण्याचीही संधी मिळत नाही. भोके अचूक बसलेली, पट्टी चौकटीत नीट टेकलेली, आणि तरीही घटक चुकीचा, अशी ही दुर्मीळ परिपूर्णता असते.

फ्रिट्झिंगमध्ये घटक घडवणाऱ्याला या सर्वांखेरीज चित्रकलेची परीक्षाही द्यावी लागते. तिथे प्रत्येक दृश्य एसव्हीजी स्वरूपातले, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार यांच्या गणिती वर्णनातून बनलेले चित्र असते. कोऱ्या कागदावर सुरुवात न करता लायब्ररीतला एखादा जवळचा घटक उघडून, त्याची चित्रे इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून, तो नव्या नावाने साठवणे ही तिथली रूढ पद्धत आहे. चित्रातल्या प्रत्येक पिनेला ठरावीक पद्धतीचे आंतरिक नाव द्यावे लागते, आणि ही मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यामुळे घटकाची पहिली पिन आत ‘कनेक्टर०’ असते, आठवी ‘कनेक्टर७’ असते, आणि हा एकाचा फरक घडवणाऱ्याच्या ध्यानात साधारणपणे पाचव्या पिनेपर्यंत टिकतो. पीसीबीच्या चित्रात वरचे तांबे, खालचे तांबे आणि छापील अक्षरे हे थर वेगवेगळ्या गटांत, ठरलेल्या नावांनी असावे लागतात. नाव चुकले तर चित्र पडद्यावर दिसते, पण तांबे म्हणून त्याची गणना होत नाही, म्हणजे पॅड केवळ शोभेपुरते उरते.

याच प्रांतात एक ऐतिहासिक घोटाळाही नांदत असे. इंकस्केप पूर्वी एका इंचात ९० एकके धरत असे. २०१७ सालच्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरू लागले. आणि ॲडोबी इलस्ट्रेटर ७२ धरते. चित्रात माप स्पष्टपणे इंचात किंवा मिलिमीटरमध्ये नोंदलेले नसेल, तर एका हिशोबाने काढलेले चित्र दुसऱ्या हिशोबाने वाचले जाते. ९० धरून काढलेला घटक ९६ धरून वाचल्यास २.५४ मिलिमीटरचे अंतर सुमारे २.३८ होते, आणि दहा पिनांच्या रांगेत पहिली पिन नेमकी बसली असता दहावी जवळजवळ दीड मिलिमीटर अलीकडे येते. घडवणाऱ्याने एकही चूक केलेली नसते, हेच यातले विशेष. चूक होण्यासाठी माणसाची गरज असते हा समज अशा वेळी गळून पडतो.

एवढ्या अडचणींतून गेल्यावर नवशिक्याने थोडी करमणूक करून घेतली तर त्याला दोष देता येत नाही, आणि ती करमणूक म्हणजे सुशोभन. ब्रेडबोर्डच्या दृश्यात तो सेन्सरच्या पट्टीची निळाई प्रत्यक्षाशी ताडून पाहतो, सोनेरी पॅडवर प्रकाशाची तिरीप काढतो, आणि छापील अक्षरांत उत्पादकाचे बोधचिन्ह बसवतो. कीकॅडमध्ये घटकाला त्रिमितीय प्रतिकृती जोडता येते, त्यामुळे तयार पीसीबी पडद्यावर फिरवून पाहता येते. ही सोय तपासणीसाठी दिलेली असली तरी तिचा मुख्य वापर मित्रांना चित्रे पाठवण्यासाठी होतो. कीकॅडमध्ये फूटप्रिंटची लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये साठते त्याच्या नावाअखेरीस ‘प्रिटी’ हा शब्द असावा लागतो, ही बाब या प्रवृत्तीला अधिकृत उत्तेजन मानली जाऊ नये. दरम्यान दोन रांगांमधले अंतर मोजायचे राहून गेलेले असते.

अशा अवस्थेत घटक तपासणीला जातो, आणि तपासणीच्या स्वरूपाविषयी इथे थोडा गंभीर विचार करणे आवश्यक आहे. आराखड्याची विद्युत-नियम तपासणी आणि पीसीबीची रचना-नियम तपासणी, म्हणजे तारांची रुंदी, अंतरे आणि जोडण्या पाहणारी तपासणी, या दोन्ही अत्यंत कसोशीने काम करतात. परंतु त्या पाहतात ते एवढेच की घडवणाऱ्याने एका ठिकाणी केलेले विधान त्याने दुसऱ्या ठिकाणी केलेल्या विधानाशी जुळते किंवा नाही. पत्रिका जुळवणारा जोतिषी जसा दोन कागदांवरून छत्तीसपैकी किती गुण जुळले ते सांगतो आणि वर प्रत्यक्षात कसा आहे, किंबहुना आहे तरी की नाही, याची चौकशी करणे आपले काम समजत नाही, तसेच हे आहे. कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल चिन्हात आणि फूटप्रिंटमध्ये सातत्याने केलेली असेल, तर तपासणी ‘शून्य चुका’ असा निर्वाळा देते, कारण तिच्या दृष्टीने खरोखरच चूक नसते. हा शून्य पाहून नवशिक्याला जो आनंद होतो तो खरा असतो. फक्त त्याचा सेन्सरशी संबंध नसतो.

त्या आनंदाच्या भरात फाइल कारखान्याकडे रवाना होते. पीसीबी करून देणारे अनेक कारखाने एकाच वेळी किमान पाच पट्ट्या देतात. एकीचे साचे तयार झाल्यावर पाच काढणे त्यांना जड नसते, आणि ग्राहकालाही चार जास्तीच्या मिळाल्याचे समाधान वाटते. त्यामुळे चूक कधी एकटी येत नाही. ती पाच समान, चकचकीत, हिरव्यागार प्रतींत, फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून घरपोच येते. पहिल्या पट्टीवर घटक बसत नाही हे दिसल्यावरही दुसरीवर एकदा बसवून पाहिला जातो, यामागचे तर्कशास्त्र अभ्यासकांना अद्याप उलगडलेले नाही.

चुकलेल्या घटकांचे पुढे काय होते, हाही अभ्यासाचा विषय आहे. ते पुसले जात नाहीत; त्यांची दुरुस्त आवृत्ती नव्या नावाने साठवली जाते, आणि वर्षभरात स्वनिर्मित लायब्ररीत ‘सेन्सर’, ‘सेन्सर नवा’, ‘सेन्सर फायनल’ आणि ‘सेन्सर फायनल खरा’ असे चार भाऊबंद गोळा होतात, ज्यांपैकी बरोबर कोणता हे फक्त त्या आठवड्यात माहीत होते. वास्तविक प्रत्येक घटकासोबत त्याच्या डेटाशीटचा दुवा, माप कशावरून घेतले याची एक ओळ, आणि प्रत्यक्ष पीसीबीवर बसवून पाहिला किंवा नाही याची नोंद लिहिण्यासाठी रकाने दिलेले असतात, आणि ते भरायला मिनिटभरही लागत नाही. पण हे रकाने रिकामे असतात, कारण ते भरण्याचे शहाणपण येते तेव्हा ते भरण्यासाठी लागणारी माहिती विसरलेली असते. सॉफ्टवेअरही अमर नसते: ईगल २०१६ साली ऑटोडेस्कने विकत घेतले, आणि ७ जून २०२६नंतर ते स्वतंत्रपणे चालू ठेवले जाणार नसल्याचे २०२३ साली जाहीर केले. कीकॅड ईगलच्या लायब्रऱ्या वाचू शकते, त्यामुळे जुन्या चुकाही नव्या घरी सुखरूप पोहोचतात.

या सर्व विवेचनातून घटक घडवणे टाळावे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. लायब्ररीतला आयता घटक वापरणाऱ्याला आपल्या हातातल्या वस्तूकडे बघण्याची कधी गरजच पडत नाही; स्वतः घटक घडवणारा मात्र तिची लांबी मोजतो, तिचे पाय मोजतो, तिला पालथी करून पाहतो, आणि कोणती पिन काय काम करते हे आयुष्यात पहिल्यांदाच विचारतो. संगणकावर काम केल्याने वस्तूची कटकट टळेल अशा आशेने आलेल्या माणसाला सॉफ्टवेअर पुन्हा वस्तूकडेच पाठवते, आणि सर्किट रचण्याचे शिक्षण तिथून सुरू होते.

म्हणून पहिला घटक घडवणाऱ्याने एवढे करावे. डेटाशीटवर वरून की खालून हे आधी वाचावे, एकके कोणती आहेत ते दोनदा पाहावे, पहिल्या पिनेची खूण छापील थरात ठळक काढावी, आणि कारखान्याला फाइल पाठवण्यापूर्वी पीसीबीचा नकाशा साध्या कागदावर शंभर टक्के मापात छापून प्रत्यक्ष घटक त्यावर ठेवून पाहावा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करण्यास विसरू नये, नाहीतर प्रिंटरही आपली भर घालतो. सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि कॅलिपरला, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या उपकरणाला, पैसे पडतात; तरीही दोहोंपैकी एकच घ्यायचे म्हटले तर कॅलिपर घ्यावा, कारण घटक मोजून खरे काय ते तोच सांगतो.